सोमवारचं मौन

धानाच्या बांध्यांवर धुकं इतकं दाट उतरलं होतं, की एकोडीचा बसथांबा ढगात तरंगतोय असं रंजिताला वाटलं. नागपूरच्या हॅकेथॉन स्पर्धेसाठी कॉम्प्युटरच्या वर्गातून तिचीच निवड झाली होती. बाबा आज पहाटे एवढंच म्हणाले, "तुही माय म्हणंल तसं." अन् आज सोमवार, मायचं तर महादेवासाठी दिवेलागणीपर्यंत मौन! आताही माय रंजिताच्या लॅपटॉपची बॅग छातीशी धरून मुकाट उभी होती. निरोप द्यायला आली की अडवायला, काही कळेना. तेवढ्यात धुक्यातून दोन पिवळे दिवे उमलले, अन् एसटी न थांबताच पुढं निघाली. तोच माय रस्त्यावर धावली. "अवो डायवरभाऊ, थांबा जी! माह्या पोरीले हॅकेथॉनले जायचं हाय!" करकचून ब्रेक लागले. "माय, तुहं मौन..." रंजिता पुटपुटली. मायनं बॅग तिच्या खांद्याला अडकवली. "महादेवाले मी समजावतो. तू जाय."