आठ हजारांच्या पुढचा आवाज

"कचरा आहे हा," असं म्हणून उमाशंकरने फोन काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावर आलेखाचा कागद. महिन्याभरातला हा तिसरा फोन. कंपनी तिसरी, दोष तोच.

दुकान लातूरच्या गंजगोलाईतलं. मालक वीरण्णा त्याच्या वडिलांचे जुने मित्र, म्हणून पहिले दोन फोन त्यांनी मुकाट्याने बदलून दिले होते. आता त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय हाय? ईसीजी?"

"फोनचा आवाज आहे, अण्णा. खालच्या सुरापासून वर वर नेत गेलो. आठ हजार हर्ट्झच्या आतच संपला. पुढे शुकशुकाट. तज्ज्ञ लिहितात ती झांजेची किणकिण नाही, बासरीतला श्वास नाही. आणि ही म्हणते, गाण्यांसाठी एक नंबर!"

"हळू बोल की रे. मी काय बहिरा हाय का?"

"डाळमिलवर वाढलोय, अण्णा. आमच्या घरात असंच बोलतात."

ही म्हणजे दामिनी. दुकानात लागून तिला दोन महिने झाले होते. तिन्ही फोन तिनेच सुचवलेले. ती काहीतरी म्हणाली. उमाशंकरला त्यातलं अर्धंच कळलं. ही मुलगी शब्द चावून बोलते, असं त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तसे लातुरातले सगळेच चावून बोलतात, हे त्याचं त्याहून जुनं मत.

"काय?"

"म्हटलं, आम्ही ऐकला तवा चांगला वाजत होता, भैय्या."

"कशावरून? कानाने ऐकून?"

"मग कशानं ऐकतेत?"

वीरण्णा खो खो हसले. उमाशंकर हसला नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून आपण कुठल्या माणसांत येऊन पडलो, असं त्याला रोजच वाटायचं. खोक्यावर 'सुपर साउंड' छापलं की यांना सुपर साउंड ऐकू येतो. फोन स्टीलच्या तांब्यात ठेवून भजनं ऐकणारी ही माणसं!

रेणापूरहून आलेल्या शिवगंगाबाई शाळकरी लेकीला घेऊन बाजूलाच फोन बघत होत्या. त्यांनी विचारलं, "पण आवाज मोठा हाय ना याचा?"

"मोठा आहे, मावशी. गाढवाचाही असतो."

 उमाशंकर पुन्हा वीरण्णांकडे वळला. पहाटे पाच वाजता, मिल बंद असताना, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, फोनला कान लावून त्याने मोजमाप केलं होतं. प्रत्येक फोनवर तीस वेळा. नव्वद नोंदी, निकाल एकच. हा अहवाल तो दुकानाच्या नावासकट नेटवर टाकणार होता.

दुकानाचं नाव निघताच वीरण्णांचं हसू मावळलं. "पोरी," ते दामिनीला म्हणाले, "तीनदा तोंडघशी पाडलंस मला. उद्यापासून येऊ नको."

 दामिनीला लातुरात राहायचं तर नोकरी हवी होती. नोकरी गेली की कॉलेज सोडून गावी, किल्लारीला परत. तिने कागद बाजूला सारला आणि फोन उचलला.

"कागद नगं. इथंच वाजवून बघा, भैय्या. सगळ्यांसमोर."

"बघू. पण पद्धतशीर," उमाशंकर म्हणाला. त्याला बरंच वाटलं. यांना प्रयोग कशाला म्हणतात ते एकदा कळू दे. "डोळ्यांना दिसलं की मनाला ऐकू येतं. म्हणून ऐकणाऱ्याला फोन दिसता कामा नये. आणि ऐकणारा मी. तुमच्यापैकी कुणाच्याही कानांवर माझा विश्वास नाही."

त्याने फोनवर आठ हजार हर्ट्झचा सूर लावून ठेवला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि तो सुरू-बंद कसा करायचा ते दामिनीला दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करणार. तिने वाटेल तेव्हा सूर सुरू करायचा. ऐकू आला की तो हात वर करणार. तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

"एकदा जरी माझा हात वर गेला, तर फोन चांगला. मी लेखी माफी मागेन."

"आणि न्हाई गेला तर?" वीरण्णांनी विचारलं.

"तर तुमचं तुम्ही बघा."

वीरण्णांनी दामिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, पंखा बंद केला. बाहेरच्या गाड्यांचा गलका दबला.

उमाशंकर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. हात मागे बांधून तो वाट बघू लागला. दुकानात कमालीची शांतता होती. इतकी शांतता त्याला पहाटेच्या खोलीतसुद्धा मिळाली नव्हती. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. तो गालात हसला. पोरीला आता कळलं असणार, की सुरू केला काय आणि न केला काय, सारखंच.

"घाबरलीस का गं? लाव की!"

 त्याने मनात वीसपर्यंत आकडे मोजले. मग मात्र तो वैतागला. साधी एक कळ दाबायची अक्कल नाही यांना, आणि हे फोन विकणार! कपाळाला आठ्या घालून तो मागे वळला.

दामिनीने फोन हात लांब करून, अंगापासून दूर धरला होता. वीरण्णांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. शिवगंगाबाईंनी तोंड वेडंवाकडं करणाऱ्या लेकीचे कान तळव्यांनी गच्च दाबून धरले होते, आणि सगळेजण डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होते.