काळुरामकाकांची शिट्टी

कल्याणच्या डायलिसिस सेंटरमध्ये स्वच्छतेची तपासणीस म्हणून मी नर्सकडून एकच गोष्ट घोकून घेत होते: पेशंटला हात लावण्याआधी हात धुवा, नाहीतर एकाचे जंतू दुसऱ्याच्या रक्तात जातील. पेशंटनाही सांगितलं, कुणी विसरलं तर टोका. पण सुया टोचणाऱ्या सिस्टरशी वाकडं कोण घेणार? शेवटी मोहने गावाहून येणारे पेशंट काळुरामकाका म्हणाले, “मी कबड्डीचा पंच होतो. शिट्टी अजून हाय घरात.” पुढच्या खेपेला त्यांनी ती सतरा वेळा वाजवली. नर्स वैतागल्या, पण बेसिनकडे पळाल्या. आज तिसरा आठवडा. चार तास झाले, काकांच्या गळ्यातली शिट्टी गप्प. मला इतका आनंद झाला, की शेजारचं मशीन तपासून मी तशीच काकांचा हात धरायला धावले. शिट्टी घुमली. “मॅडम, बाद!” नर्सनी टाळ्या पिटल्या. मी हात धुतले आणि अहवालात लिहिलं: सगळ्या पास, मी नापास.