कोहक्याच्या प्लॉटवरचं दार

प्रवीण आणि बिल्डरचा माणूस अंकुर विटांच्या रांगा ओलांडत सरळ आत शिरले. सिंधुताई मात्र वळसा घालून, जिथे दार व्हायचं होतं तिथून आल्या.

सेक्टरमधलं कंपनीचं राहतं क्वार्टर सिंधुताईंच्या नवऱ्यानं, मारोतरावांनी, मोजून कोहक्याच्या या प्लॉटवर विटांनी जसंच्या तसं आखून ठेवलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा. प्लान्टमधून रिटायर झाल्यावर बांधू म्हणायचे. त्याआधीच गेले. आता क्वार्टर खाली करायचं होतं आणि प्लॉटचं काय ते आज ठरायचं होतं.

"आंटीजी, नीचे दुकानें, ऊपर फ्लॅट. एक आपका," अंकुर म्हणाला.

"नाहीतर पूरा विकून टाकू," प्रवीण म्हणाला. "रेट चांगला भेटून राहिला, आई. तू माह्याजवळ रायपूरले चाल."

"अन् तिथं आई काय करन? तुमच्या बाल्कनीतून ट्रॅफिक पाहत बसन?" आधीच येऊन प्लॉट मोजत असलेली समीक्षा टेप गुंडाळत भावाला म्हणाली. मग आईकडे वळली. "दुकानं फक्त रोडच्या बाजूनं काढू. भाडं तुले. मागं बाबाचं घर बांधू, हेच माप. मी मोजलं, बरोबर बसते."

सगळे सिंधुताईंकडे पाहू लागले. त्या रस्त्यावरच्या टेम्पोकडे पाहत होत्या. टेम्पो गेला, तरी नजर तिथेच राहिली.

"रायपूर नको," त्या म्हणाल्या. "समीक्षा म्हणते तसंच करा. पण हे माप नको."

"कावून?" समीक्षा म्हणाली. "बाबानं इतकं मन लावून—"

"सेकंड शिफ्ट सुटली का तुमच्या बाबानं कडी वाजवली असं वाटते, मी उठतो. लाइट न लावता जातो, कडी काढतो." आवाजात काहीच नव्हतं, दूधवाल्याचा हिशोब सांगावा तशा त्या सांगत होत्या. "अजून रोज काढतो. मग दार उघडं ठेवून उभी राहतो. शेजारची गुलाब आवाज देते, तवा लावतो."

प्रवीणने मोबाइल खिशात ठेवला. अंकुर, मराठी नीट न कळताही, दोन पावलं मागे सरला.

समीक्षाने गुंडाळलेला टेप पुन्हा थोडा ओढला.

"मंग दार कुठं ठेवू, आई?"

सिंधुताईंनी मोकळ्या जागेवरून एकदा नजर फिरवली.

"कडी वाजली तरी मले ऐकू येणार नाही, तिथं."