आधी ही, मग मी

निवेदिकेनं ताईंचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि कुणीच उठत नाही म्हटल्यावर आपोआप विरल्या.

व्यासपीठावर मोठ्या बाईंचे वडील मानचिन्ह छातीशी धरून उभे होते. मोठ्या बाई म्हणजे विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख. त्या गेल्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ विभागातल्या कर्मचाऱ्यासाठी सेवा पुरस्कार सुरू झाला. हा पहिलाच, आणि तो विभागातल्या ताईंना. आपल्याच हातानं द्यायचा म्हणून वडील नातीमागे घाई लावत वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसले होते.

"अहो, ताई आत्ताच तर आल्या होत्या," मागून कुणीतरी ओरडलं. "डॉक्टरांना हाताला धरून घेऊन गेल्या!"

हशा पिकला. विद्यापीठाच्या दवाखान्याच्या डॉक्टरांची खुर्ची खरोखरच रिकामी होती.

शेवटी विभागाचा शिपाई पुढे आला. "एक मुलगी आलीये, सर. प्रयोगशाळेत लागलीये. रुजू व्हायचा आज शेवटचा दिवस. गाडी वाटेत बंद पडली, त्यात तब्येतीच्या दाखल्यावर डॉक्टरांची सही नाही. मी ताईंना म्हटलं, तुमचं नाव घेतील आता. तर म्हणाल्या, आधी ही, मग मी."

कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे, आपण पुढे जाऊ. पुरस्कार त्यांना नंतर पोचता करू."

"पोचता कशाला करायचा?" वडील म्हणाले. माइक जवळच असल्यानं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "पुरस्काराला पाय नाहीत, मला आहेत. कुठं बसते ती?"

"आजोबा, दोन जिने आहेत," नात कुजबुजली.

"उतरायचेच आहेत ना? चढायचं मग बघू." ते समोरच्या लोकांकडे वळले. "आमची लेक स्वतःच्या लग्नाला उशिरा आली होती. कुणाच्या तरी बदलीचा कागद त्याच दिवशी निघायला हवा होता. जावई ताटकळले. मी मात्र सगळ्यांसमोर तिला फाडफाड बोललो. आज नाही बोलणार."

आणि ते निघालेच. नातीनं दंड धरला. मागोमाग कुलगुरू निघाले, हातात फुलांचा गुच्छ घेऊन, कारण तो कुणाकडे द्यावा हे त्यांना सुचलं नाही. मग कुलसचिव, मग पहिली रांग, मग अख्खं सभागृह. एवढी माणसं जिन्यावरून हसत-बोलत उतरताना त्या इमारतीनं कधी पाहिली नसावीत.

मनुष्यबळ विभागात डॉक्टर कपाटाला कागद टेकवून सही करत होते. ती मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. मांडीवर पिशवी, बुटांवर रस्त्याची धूळ, आणि डोळे ताईंच्या हातावर खिळलेले. ताई मान खाली घालून लिहीत होत्या.

दारात पावलं वाजली. ताईंनी वर पाहिलं नाही.

"घोळका नको हं. रांगेत या. कुलगुरू असले तरी रांगेतच."

कुलगुरू मुकाट्यानं भिंतीला लागून उभे राहिले. त्यांच्यामागे रांग लागली ती थेट जिन्यापर्यंत. तोंडावर हात दाबून सगळे हसू आवरत होते.

वडील समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"बोला," ताई लिहिता लिहिता म्हणाल्या, "तुमचं काय काम?"

"माझं नाही. मुलीचं एक काम राहिलंय."

"मग मुलीला घेऊन यायचं ना बरोबर."

बोलून गेल्या आणि त्यांचा हात थांबला. आवाज ओळखीचा होता. त्यांनी वर पाहिलं. वडील, त्यांच्या हातातलं मानचिन्ह, मागची ती लांबलचक रांग. ताईंचा चेहरा गोरामोरा झाला.

"आजोबा, मी... तिकडे यायलाच निघाले होते..."

"आधी तिचं," वडील म्हणाले. "मी बसलोय."

ताईंनी ओठ घट्ट मिटून उरलेल्या दोन ओळी लिहिल्या. डॉक्टरांकडून कागद घेतला, जोडला, शिक्का मारला. "झालीस गं रुजू! आजपासून तू आमची."

मगच त्या उठल्या. वडिलांनी दोन्ही हातांनी मानचिन्ह त्यांना दिलं. मग त्यांच्या पाठीवर थोपटलं, घरच्या मुलीला थोपटावं तसं.

इतका वेळ टेबलावरच्या आपल्या कागदाकडेच पाहत असलेली ती मुलगी आता मागे वळली. दारात कुलगुरू, त्यांच्या हातात फुलं, मागे नटूनथटून आलेली, तिच्याकडे पाहून हसणारी एवढी माणसं. ती गडबडून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई... एवढं सगळं? तुमच्याकडे नव्या माणसासाठी असं करतात?"

कुलसचिव खुलासा करायला पुढे सरसावले. ताईंनी डोळ्यांनीच त्यांना अडवलं, आणि मानचिन्ह अक्षरं खाली येतील असं टेबलावर पालथं घातलं.

वडिलांनी कुलगुरूंच्या हातातला गुच्छ घेतला आणि तिच्या हातात ठेवला.

"प्रत्येकासाठी," ते म्हणाले.

पहिली टाळी ताईंनी वाजवली. मग ती रांगेतून सरकत सरकत जिन्यापर्यंत गेली, आणि तिथं ज्यांना आत काय झालं हे ठाऊकही नव्हतं ते सगळ्यांत जोरात वाजवू लागले.