दोन देशांचा होकार

सोमवारी दुपारी बारापर्यंत सुमतीबाईंचं मौन असे, आणि नेमके साडेअकराला मेजर तावडे पडद्यावर आले. दोन देशांमधला करारच असा होता, की कुणाचाही सायबरहल्ला त्या देशातल्या एका साध्या नागरिकाच्या तोंडच्या होकाराशिवाय सुटायचा नाही, आणि मुदतीत होकार आला नाही तर घेतलेला ताबाही सोडावा लागायचा. यंदा चिठ्ठी निघाली होती कराडच्या सुमतीबाईंची.

"आजी, आपल्या धरणाचे दरवाजे त्यांच्या ताब्यात गेलेत. ते उघडायच्या आत आपण त्यांची वीज तोडू. दोघांनाही तासाचीच मुदत आहे. नुसतं हो म्हणा!"

"बोला की, जाऊबाई!" कुसुम रडकुंडीला आली. "माझी लेक धरणाखालीच राहते. देव काही रागवायचा नाही!"

सुमतीबाईंनी पाटीवर लिहिलं, 'मग उघडायचे कशाला थांबलेत?'

मेजर चाचरले. "त्यांच्या माणसाचा होकार यायचाय."

'मला तो माणूस दाखवा.'

करारात तशी मुभा होती, पण आजवर कुणी ती मागितली नव्हती. पडद्यावर एक म्हातारा कोळी दिसला. भोवती अधिकारी ओरडत होते आणि तो ओठ मिटून बसला होता. सुमतीबाईंनी हात जोडले. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

बारा वाजले. मौन सुटलं, तरी त्या बोलल्या नाहीत. तोही बोलला नाही. कुसुमने पदराचा बोळा तोंडात धरला.

साडेबाराला मुदत संपली.

"दरवाजे परत आपल्याकडे आले," मेजर म्हणाले, तेही इतक्या हळू, की जणू ते गाभाऱ्यात उभे होते.