वाळवीचा कागद

हिवाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा खोलीत फळा नव्हता. भिंतीवर त्याच्या मापाचा चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता. पडवीत घोड्यांची लीद होती आणि ओट्यासमोर तीन दगडांची चूल, राखेने भरलेली.

सुट्टीत दौऱ्यावरच्या साहेबांचा मुक्काम शाळेत पडला होता. गावाने गाडीभर लाकडं पोचवली, वेठीला माणसं दिली, दूध दिलं, धुळाजी धनगराच्या कळपातलं एक कोकरू दिलं. एवढं करूनही शेवटच्या दिवशी साहेबांच्या आंघोळीला लाकूड कमी पडलं. रानात जायचे कष्ट कोण घेतो? शिपायांनी फळा उतरवला आणि कुऱ्हाडीने फोडला. पिंपळगाव रेणुकाईच्या सुताराने केलेला सागवानी फळा तो. चरा पडू नये म्हणून धुळाजीने आपल्या घोंगडीत गुंडाळून गाडीतून आणला होता. त्याच्यावर एका माणसाच्या आंघोळीचं पाणी तापलं.

धुळाजीची आशा दुसरीत होती, शाळेतली एकटी मुलगी. तिने काडीने राख उकरली आणि चार खिळे बाहेर काढले. रामराव मास्तरांनी ते तिच्या हातातून घेतले आणि कोटाच्या खिशात टाकले.

"आत जाऊन बस," ते म्हणाले.

मुलांच्या बापांना त्यांनी सकाळीच बोलावून घेतलं होतं. पाचजण ओट्यावर बसले होते. वर पाठवायचा कागद तयार होता. सरकारदरबारी उर्दूच चालायची म्हणून उर्दूत लिहिलेला. मास्तरांनी तो उभ्यानेच वाचून टाकला. मुलांना शिकवताना ते इतकं भरभर कधी वाचत नसत.

"दीमक म्हंजी वाळवीच ना, मास्तर?" धुळाजीने विचारलं. लोकर विकायला तो जालन्याला जायचा, तिथं असले शब्द कानावर पडायचे.

"हो. फळा वाळवीने खाल्ला, असं लिहिलंय."

"पंधरा दिवसांत?"

मास्तरांनी कागद ओट्यावर ठेवला.

"बा, फळ्याला वाळवी न्हवती," आशा दारातून म्हणाली. "त्यांनी जाळला. राखंत खिळे व्हते."

"तुला आत बस म्हटलं ना मी? पाढे म्हण."

राग मास्तरांनाही आला होता. तो साहेबांवर काढता येत नव्हता, म्हणून पोरीवर निघाला. ती आत गेली आणि पाढे म्हणू लागली. मग मास्तर ओट्यावर टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं लिहिलं तर कागद फिरून त्याच साहेबांपुढे जाणार. महिन्याच्या आत शाळा उठेल. काहीच लिहिलं नाही, तर नवा फळा मिळणार नाही. मला काय हौस आहे का?"

"आमाला कळून राह्यलं, मास्तर," पुंजाराम म्हणाला. त्याचे दोन मुलगे शाळेत होते. "घाला वाळवीच्या नावावर. ती काय तक्रार घिऊन कचेरीत जात न्हाई."

कुणी हसलं नाही. पुंजारामने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. त्याच्यामागून तिघांनी तेच केलं, कागदाकडे न बघता.

मास्तरांनी टाक धुळाजीपुढे धरला.

"तुम्ही मात्र सही करा, धुळाजीराव. सगळे अंगठेच दिसले तर वर म्हणतील, मास्तराने घरी बसून आपलीच बोटं उमटवली. एक सही असली की कागदाला वजन येतं. तुम्हाला येते म्हणे आता."

आजवर मास्तर त्याला अरे-तुरेच करत आले होते. सहीसाठी आज अहो-जाहो.

सही येत होती, हे खरं. सुट्टीभर मेंढरांमागे फिरताना आशाने त्याला नाव गिरवायला लावलं होतं. नांगरट झालेल्या रानात बसून, गुडघ्यावर पाटी घेऊन. 'ळ' जमायला आठ दिवस गेले. चुकलं की पोर हातावर चापट मारायची. पाटीवर तो आता न बघता नाव काढायचा, पण कागदावर अजून एकदाही लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा कुठे लिहायचं याचा त्याने विचारसुद्धा केला नव्हता.

आतले पाढे थांबले होते. आशा पुन्हा दारात येऊन उभी राहिली. बाप कागदावर नाव लिहिणार म्हणून तिचे डोळे त्याच्या हातावर होते. वाळवीबिळवी ती विसरून गेली होती.

धुळाजीने टाक घेतला, शाईत बुडवला. टोक कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर आणलं. शाईचा थेंब टोकाशी जमायला लागला. त्याला मनस्वी संताप आला. कोकरू नेलं तेव्हा आला नव्हता इतका. कोकरू त्यांनी ओढून नेलं होतं. हे त्याने आपल्या हाताने द्यायचं होतं.

त्याने टाक परत दौतीत ठेवला. अंगठा शाईत बुडवला आणि बाकीच्या चौघांच्या खाली असा दाबला, की कागद अंगठ्याला चिकटून वर आला.

"अहो, असं काय करता?" मास्तर म्हणाले. "तुम्हाला नाव लिहिता येतं ना?"

"येतं, मास्तर," धुळाजी म्हणाला. "म्हनून तर लिवलं न्हाई."