टवका उडालेली कड

सन १९६१. स्फाक्स शहरातल्या आमच्या घरात कोंबडी एकच, आणि तिचं अंडंही दिवसाला एकच. ते माझ्या भावाला, वाढत्या वयाच्या मुन्सिफला द्यायचं, असा बाबांचा हुकूम होता. मी तेरा वर्षांची, शाळेत दोनदा चक्कर येऊन पडलेली. "तिसऱ्यांदा पडलीस की शाळा बंद," बाबांनी बजावलं होतं.

मुन्सिफला अंड्याची शिसारी. म्हणून आजी ते कुस्करून वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसच्या परातीत, टवका उडालेल्या कडेशी, तळाला दडवायची. आम्ही सगळे एकाच परातीत जेवायचो, पण ज्यानं त्यानं आपल्यापुढचंच खायचं.

"मन्नूबिया, टवका मुन्सिफपुढे हं," असं म्हणून आजी रोज परात माझ्या हातात द्यायची. मी उंबऱ्यातच ती अर्धी फिरवायची आणि मुन्सिफच्या बरोबर समोर बसायची. टवका माझ्यापुढे.

मी पुन्हा कधी पडले नाही. शिकले, खेळाची शिक्षिका झाले. मुन्सिफची उंची बाबांच्या खांद्यापाशीच थांबली. त्यानं शिंप्याचं दुकान काढलं आणि सुखानं पोट वाढवलं. बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले, "अंड्यात काही दम नसतो."

आजी नव्वदीत अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिच्यापाशी गुन्हा कबूल केला. ती बोळकं पसरून हसली.



"घरात तीन सुना होत्या, बये. परात रोज तुझ्याच हातात का देत होते मी?"